वाढवलेला दिवा

आमच्या सोमशेखरचं लग्न झालं ते २००३ साल. सून शांभवी निपाणीकडची, पदार्थविज्ञानात संशोधन करणारी. लग्नानंतरही ती मंगळवार पेठेतल्या आमच्या घरून रोज प्रयोगशाळेत जायची. तिथं ती प्रकाशाचा आकार मोजायची.

"एकदा मोजला की तो प्रकाश संपतो, मामा," तिनं मला सांगितलं होतं. "मग हुबेहूब तसाच पुन्हा तयार करायचा आणि दुसऱ्या बाजूनं मोजायचा. सगळ्या बाजू झाल्या की त्यावरून चित्र काढता येतं."

हा प्रकाश इतका मंद, की मोजताना त्याच्या जोडीला मोठा लेसर लावावा लागे. मोजणारा डिटेक्टर पुण्याच्या एका सरांकडून उसना आणलेला. महिनाअखेर तो परत द्यायचा होता आणि निम्म्या बाजू अजून राहिल्या होत्या.

त्याच वर्षी दिवाळीच्या पाडव्याला ती जेवायला घरी आली. प्रयोगशाळेतल्या कृष्णातचा फोन आला तेव्हा ती न्हाणीत होती. फोन माझ्या बायकोनं, दानम्मानं घेतला.

"अगं, त्यो इचारतोय, लेसरचं काय करू?"

"बंद कर म्हणावं, आत्ती!"

सणाच्या दिवशी दिवा बंद कर, विझव, असं दानम्माच्या तोंडून येणं शक्य नव्हतं. आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते. दिवाही विझवत नाहीत, वाढवतात. ती म्हणाली, "दिवा वाढव, बाबा."

कृष्णातनं वाढवला. बटण शेवटपर्यंत फिरवलं. डिटेक्टर जळाला.

संध्याकाळी शांभवी प्रयोगशाळेतून परतली. "म्याडम, वाढव म्हटल्यावर वाढवणारच की वो," असं कृष्णात म्हणाल्याचं सांगताना तिला हसू आलं. मग ती जिन्यातच बसून राहिली. दानम्मा शेजारी टेकली.

"निम्म्यावरनं न्हाय काढता येत चित्र?"

"काढलं तर खोटं निघंल, आत्ती."

पुण्याच्या सरांनी दुसरा डिटेक्टर द्यायला दीड वर्ष लावलं. शांभवीनं पहिल्या बाजूपासून पुन्हा मोजलं. तेवढे दिवस दानम्मानं फोनला हात लावला नाही; वाजला की मला हाक मारायची.

शेवटी चित्र घरी आलं. गोल बांध आणि मधोमध खड्डा, जमिनीच्या, म्हणजे शून्याच्याही खाली गेलेला. तो खड्डा दिसावा म्हणूनच सगळा खटाटोप होता. साध्या दिव्याच्या प्रकाशात तो नसतो.

दानम्मानं चष्मा लावून पाहिलं. "उखळच हाय की गं! यात माझा किती वाटा?"

"दीड वर्षाचा," शांभवी म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

दानम्मा २००६ च्या माघात वारली. कावीळ झाली होती.