रोझाल्याची पावले

दाऊ-मलीला तिच्या लेकीने, बुई-लेलोने, माती दिली आणि बुई-लेलोला रोझाल्याने. तिमोर बेटावरच्या काब्लाकी डोंगराखालच्या त्या घराण्याचा हा नेमच होता, की आईवरची पहिली मूठ लेकीची. रोझाल्याच्या वेळी मात्र नेम मोडला. लढाईच्या वर्षांत विमानांना भिऊन सारा गाव डोंगरात पळाला. तिथे ती उपासमारीने गेली आणि नऊ वर्षांच्या एर्मेलिंदाने तिच्यावर चटई ओढून एवढेच म्हटले, "परत येते, आई." मग मोठ्यांनी तिला हाताला धरून ओढत नेले.

एर्मेलिंदा पुढे मेलबर्नला आली आणि एका उंच कचेरीच्या इमारतीत सफाईला लागली. वार्षिक रजा साठवून, तीन आठवड्यांसाठी, ती एकदा आईची हाडे काढून रीतीने पुरायला गावी गेली होती. तिमोरातले मेलेले लोक रजेच्या हिशेबाने चालत नाहीत, हे ती विसरली. आईला जिथे सोडले होते त्या खडकापाशी अगापितो काकांनी सुपारी ठेवून रोझाल्याला नावाने हाक मारली. पण मयताच्या माहेरची माणसे आल्यावाचून कुदळ लागत नाही, आणि माहेरचे लोक मानाचे डुक्कर लहान म्हणून रुसून बसले. समजूत निघेपर्यंत रजा संपली.

"झोपलेलीला उठवलंस आणि निघालीस?" काका म्हणाले. "आता ती तुझ्यामागे येईल बघ."

आणि ती आली. सकाळी दालनाची फरशी पुसून एर्मेलिंदा मागे वळे, तेव्हा कोरड्या झालेल्या दगडावर अनवाण्या पायांचे ओले ठसे असत, थेट तिच्या टाचांपर्यंत आलेले. जळक्या गवताचा वास येई. ती मुकाट्याने ठसे पुसून टाकी. आपल्या आईची पावले रोज आपल्याच हाताने पुसायची, याहून कठोर चाकरी मी तरी ऐकलेली नाही.

लांब रजा हाच एक उपाय होता. पण ती एकाच मालकाकडे वर्षे काढणाऱ्याला मिळे, आणि इथे मालकच टिकत नसत. दर दोन-तीन वर्षांनी इमारतीच्या सफाईचे कंत्राट दुसऱ्याकडे जाई. बायका त्याच, बादल्या त्याच, सदरा तेवढा नवा आणि नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. अखेर कायदा झाला, की वर्षे मालकाची नव्हेत, कामगाराची आहेत. कंत्राट कोठेही जावो, ती त्याच्याबरोबर जातील. यंदा तिची सात वर्षे भरली. सहा आठवडे तिच्या हक्काचे झाले आणि त्याच महिन्यात कंत्राट पुन्हा बदलले.

नवा पर्यवेक्षक डॅरन सदरे वाटत होता.

"शर्ट आज मिळाला आणि आजच रजा?" तो हसला.

"शर्ट आजचा आहे, डॅरन. मी नाही."

"हक्क आहे, मान्य. पण आता नाही. डिसेंबरात बघू."

"डिसेंबरात आमच्या नद्या भरतात. डोंगरावर जाता येत नाही."

"अगं, मेलेलं माणूस अजून दोन महिने थांबेल की."

शेजारी तिच्या बहिणीची लेक झुल्मिरा उभी होती. "मावशी, सोड," ती पुटपुटली. "हा आजीच्या माहेरच्यांपेक्षा रुसका दिसतोय."

डॅरनचे लक्ष फरशीकडे गेले. "अनवाणी कोण फिरतंय इथे?"

दोघींच्याही पायांत बूट होते. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर एकेक ठसा उमटत होता, सावकाश, दमलेल्या बाईच्या चालीने. आणि या खेपेला तो एर्मेलिंदाकडे येत नव्हता. डॅरनच्या बुटांसमोर दोन पावले शेजारी शेजारी उभी राहिली.

"माझी आई आहे," एर्मेलिंदा शांतपणे म्हणाली. "रजेचं काय झालं, ते विचारतेय."

त्याच्या हातातला सदरा गळून पडला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "सोमवारपासून जा."

गावी रोझाल्याच्या माहेरचे लोक चौथ्या आठवड्यात आले. डुकरावरून पुन्हा वाद झाला. एर्मेलिंदाने पान-सुपारी पुढे केली आणि स्वस्थ बसून राहिली. कुदळ लागली. खडकाच्या कपारीतून चटईचे धागे निघाले, कवटी निघाली, हात, फासळ्या, मांड्या निघाल्या. पावले मात्र निघाली नाहीत.

"पायांवाचून पुरता येणार नाही," काका म्हणाले. "कुठे ठेवून आलीस?"

"कामावर," ती म्हणाली.

कोणी हसले नाही. "मग येईल चालत," काका म्हणाले. "समुद्र मोठा आहे. थांबायला वेळ आहे ना तुला?"

"आहे."

ती रोज खडकापाशी जाऊन बसे. सहाव्या आठवड्यात एका सकाळी, चाळून ठेवलेल्या त्याच मातीच्या ढिगावर, पावलांची बारीक हाडे मांडल्यासारखी पडलेली दिसली. ती ओली होती, आणि काकांनी एक जिभेला लावून पाहिले तर खारट लागले.

घराण्याचे विणलेले वस्त्र रोझाल्याभोवती गुंडाळले गेले. माहेरच्यांनी तिला गावातल्या खड्ड्यात उतरवले, तिच्या आईच्या शेजारी. मग सगळे मागे सरले आणि एर्मेलिंदाने पहिली मूठ टाकली.