दुपार झाली का पडदा काळा

मी एक जुना कम्प्युटर आहो, मित्रांनो. पडदा वेगळा, डबा वेगळा, अन् डब्यात घरघरणारा पंखा. आजकाल बगलेत मारून नेतात त्या चपट्या जातीचा मी नाही. मले उचलाले दोन हात लागते, अन् वरून एक शिवी.

माहा जन्म नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. बोर्ड एकीकडचा, पंखा दुसरीकडचा, पडद्यावर चित्र धाडणारं कार्ड तिसरीकडचं. सारे तुकडे वेगवेगळ्या गावचे पाहुणे, अन् एका पेचकसानं त्यायचं लगन लावलं. तिथून मी गेलो नरखेडले, संत्र्याच्या आडतीत. हंगामात बाहेर ट्रक भरून राहिले का आत मी पावत्या काढून राहिलो. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याले म्हणे, "हा आहे तोवर मले मुनीम लागत नाही गा." माही छाती अशी फुगे का डबा तडकते का काय!

मग नवीन मशीन आलं. मले रिकाम्या खोक्यायच्या मागं लोटून देलं. आंगावर धूळ, पोटात पाल. एवढा मोठा मुनीम, अन् पालीचं बाळंतघर झालो. नशीब कोणाले सांगता?

तिथून मले बाहेर काढलं जितेंद्रनं. हा नागपूरजवळच्या बेसा गावचा पोरगा, आडतीतून माल भरून न्यायले गाडी घेऊन येई. त्यानं मले मालकाजवळून मागून घेतलं, धूळ झटकली, पाल हाकलली, अन् घरी आपल्या बायकोसमोर ठेवलं. बायकोचं नाव प्रणाली. तिसरा माणूस त्या घरात जितेंद्रचा बाप, शालिकराम. सारी उमर हातमागावर गेलेली. गुडघे गेले तसा घरातून माग उठला, अन् म्हातारा रिकाम्या हातानं बसून राहिला.

प्रणाली लुगड्याच्या काठाचे नमुने काढे. पडद्यावर बारीक चौकटी पाडायच्या, एक चौकट म्हणजे एक धागा. तिले पहिलंच काम भेटलं होतं, उमरेडच्या मारोतराव विणकराचं. करवती काठ पाहिजे होता, करवतीच्या दातासारखा, पण नव्या धर्तीचा. मारोतराव फोनवर म्हणाला, "पोरी, ताणा लावून बसलो आहो. सोमवारी नमुना आला तं तुहा काठ चढवतो. नाही तं जुनाच घालतो. मागाले रिकामं ठेवता येत नाही."

त्या सोमवारवर प्रणालीचं सारं टांगलं होतं. हे काम गेलं तं दुसरं कोण देते? अन् तिच्याहून जास्त जीव टांगला होता म्हाताऱ्याचा. आपल्या घरातून पुन्हा काठ निघून राहिला, हे त्याच्या डोळ्यात दिसे. सकाळी देवाले फूल वाहिलं का एक माह्या डोक्यावर ठेवे. म्हणे, "आता हाच आपला माग."

अन् मित्रांनो, त्याच आठवड्यात मी बिघडलो.

सकाळी मी झकास चाले. दुपार चढली का पडदा झपकन काळा. वर लिहून ये, सिग्नल नाही. डब्यातला पंखा चालू, दिवा चालू, मी आत जागाच. पण तोंड बंद. कधी थोड्या वेळानं आपसूक उजेड ये, कधी नाही ये. प्रणाली हुशार. अंधारातच कळा दाबून काम जतन करून ठेवे. पण अंधारात काठ कसा काढाल? एका दाताचा धागा चुकला तं सारी करवत बोथट.

म्हातारा म्हणे, "दे त्याले दोन थापडा. आपला टीव्ही तसाच सुधारला."

"मामाजी, हा टीव्ही नाही," प्रणाली सासऱ्याले म्हणे.

"थापड सगळ्यायले समजते वं!"

जितेंद्रनं मले गाडीत घालून मनीषनगरले नेलं, केयूरच्या दुकानात. केयूर कम्प्युटर दुरुस्त करे. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, कपाळावर आठ्या, पण हात सोन्याचा. त्यानं वायर बदलली, पडदा बदलून पाह्यला, मले दिवसभर चालू ठेवलं. मी एकदाही डोळा मिटला नाही.

"काहीच नाही झालं याले," केयूर बोलला. "नाटक करून राहिला."

घरी आणलं. दुसऱ्या दुपारी पडदा काळा. पुन्हा दुकान, पुन्हा मी टणटणीत. डॉक्टर दिसला का ताप उतरणारे असतात नं, तशी माही गत. केयूर जितेंद्रले म्हणाला, "घरी कोणी काही उलटसुलट दाबून राहिलं असंल."

ते वाक्य जितेंद्रनं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. बापा! प्रणालीनं कणकेचा गोळा परातीत असा आपटला का मी दुसऱ्या खोलीत हाललो.

"म्हणजे मी दाबून राहिली?"

"मी कुठं म्हटलं? तो म्हणाला."

"तं त्यालेच बोलवा. इथं बसून पाहाले सांगा, कोण काय दाबते तं."

आता खरं सांगतो. मले सारं माहीत होतं. पण मुक्याची जात. फार तं पडदा काळा करून दाखवतो, तेवढीच माही भाषा.

गोष्ट अशी होती. जितेंद्र एकदा बोलता बोलता बोलून गेला होता का कम्प्युटर गरम झाला तं जळते. म्हाताऱ्यानं ते गाठीले बांधलं. अन् मागावरची त्याची जुनी सवय. नागपूरच्या उन्हाळ्यात सूत कोरडं पडलं का तटातट तुटते. म्हणून विणकर मागाजवळ जमिनीवर पाणी शिंपडते, ओल धरून ठेवते. ओल म्हणजे सुताची माय. तं दुपारी प्रणाली भांडे घासाले गेली का म्हातारा कूलरचं तोंड आपल्या खाटेवरून फिरवे अन् थेट माह्या पाठीवर धरे. भर मे महिना. स्वतः घामानं चिंब, गमछ्यानं मान पुसून राहिला, अन् मले म्हणे, "घे बाबू, घे."

कूलरमधी बोअरचं खारं पाणी. त्याचे बारीक तुषार माह्या पोटात शिरत. त्या ओलीनं अन् खारानं कार्डाचे दात, म्हणजे ते बोर्डात बसते त्या तांब्याच्या पट्ट्या, आंबले होते. दात ओले झाले का माही बोलती बंद.

त्याची माया दिसे, म्हणून मले राग तरी कसा येईल?

केयूर आला शनिवारी, दुपारी. दारातच प्रणाली म्हणाली, "बसा भाऊ. पाहा आता, मी काय उलटसुलट दाबते तं."

"तसं नाही ताई..."

"तसंच बोलले तुम्ही."

केयूरनं खर्रा गिळला का थुकला, समजलं नाही. खुर्चीवर बसला. घामाघूम. म्हातारा उठला. पाहुणा उन्हातून आला आहे, त्याले हवा नाही द्यायची तं कोणाले? माह्या पाठीवर नुकतंच धरलेलं कूलरचं तोंड उचललं अन् केयूरकडे केलं. पन्हं देलं. कुठला, कोणाचा, नरखेडात कोणी नातेवाईक आहे का, सारं विचारलं. अन् मी चालू. माहे दात कोरडेच राहिले, उजेड टिकला, प्रणाली काठाच्या दातावर दात काढून राहिली. केयूरनं दोनदा घड्याळ पाह्यलं.

"ताई, हा तं चालून राहिला."

प्रणालीच्या डोळ्यात पाणी आलं. "तुम्ही आले का चालते. आता काय तुम्हाले रोज दुपारी जेवाले बोलवू?"

केयूर हसला अन् उठला. जिन्यानं खाली गेला. म्हाताऱ्यानं लगेच कूलरचं तोंड फिरवलं, माह्या पाठीवर. "तू थकला असशीन गा," म्हणाला. खाली केयूर गाडी काढून राहिला होता, अन् वर पडदा झपकन काळा.

प्रणालीनं पडद्याकडे पाह्यलं. मग कूलरकडे. मग सासऱ्याच्या हाताकडे, जो अजून कूलरवरच होता. पोरगी गॅलरीत धावली.

"केयूरभाऊ, गाडी बंद करा! वर या!"

केयूरनं माही बगल खोलली. कार्ड उपसून उजेडात धरलं. दातायवर पांढरा खार, कूलरच्या गवताच्या ताटीवर जमते तसाच.

"आबाजी," तो बोलला, "तुम्ही याले पाणी पाजून पाजून मारून राहिले होते. याले ओल म्हणजे जहर."

"पण सुताले तं..." म्हातारा बोलला. मग हात मागं घेतले, धोतराले पुसले, अन् गॅलरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

केयूरनं खोडरबरानं माहे दात घासले, कोरड्या ब्रशनं पोट झाडलं, कार्ड परत बसवलं. मले उजेड आला. पण घरात अंधार पडल्यासारखं झालं. जाता जाता केयूर काही बोलणार होता, प्रणालीनं मानेनंच नाही म्हटलं.

मग ती गॅलरीत गेली.

"मामाजी, आत चला. काठ अर्धा राहिला आहे."

"मी नाही येत वं. माहा हात वाईट."

"हात नका लावू. बसा फक्त. मले एकटीले करमत नाही."

"सोमवार माह्यामुळं गेला असता पोरी."

"गेला तं नाही नं? अन् तुम्ही घामात भिजून त्याले हवा देऊन राहिले होते, हे मले आज समजलं. मीही कधी विचारलं नाही का कूलर असून तुम्हाले खाटेवर गरम काहून होते तं."

म्हातारा उठला. प्रणालीनं त्याले खुर्ची देली, माह्यापासून जरा दूर, अन् कूलर त्याच्या पाठीवर केला. थोड्या वेळानं तो थंड हवेत पेंगाले लागला. डोळा उघडला का पडदा पाहे, उजेड आहे का, अन् पुन्हा पेंगे. दात पुरे झाले. सोमवारी नमुना उमरेडले गेला. संध्याकाळी मारोतरावचा फोन आला. "भेटला वं पोरी. उद्या चढवतो."

म्हाताऱ्यानं फोन तिच्या हातातून घेतला. "मारोतराव, जमीन शिंपडजा बरं! सूत तुटंल!" तिकडून मारोतराव हसला, "मले शिकवता का भौ?" इकडे म्हातारा इतका हसला का त्याले ठसका लागला.

तं मित्रांनो, म्हाताऱ्याची माया खोटी नव्हती. फक्त सुताची माया त्यानं तांब्याच्या पट्ट्यायले लावली. तुमच्या घरीही माह्यासारखे मुके असतीन. त्यायले कोरडं ठेवा, धूळ झाडा, अन् दुपारी अंधार आला तं दुपारी काय वेगळं होते ते पाहा. थापडा मारू नका. अन् जे बोलू शकते, घरात तुमच्या शेजारी घाम पुसत बसते, त्याले तं नुसतं विचारलं तरी पुरते. बाबा, गरम होऊन राहिलं काय?

विचारा बरं. आताच.