एक्क्यावर आपटलेली बदामची दश्शी

मी बदामची दश्शी, आणि आज मला मनापासून वैताग आला आहे. पत्त्यानं बोलू नये हे मला कळतं. पण माझ्यावरून एका भल्या माणसाचं नुकसान झालं, आणि ज्यानं ते केलं त्याच्याच हातात मी पुन्हा येऊन बसले आहे.

मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. चोपन्न साली कारखान्यातल्या सोपानरावांनी पिंपरी कॅम्पातल्या दुकानातून आमचा कॅट विकत घेतला आणि तिथल्या कामगार क्लबात आणला. क्लब म्हणजे पत्र्याची एक खोली, दोन टेबलं, आणि दाराशी टेकवलेल्या सायकली.

पहिली दोन वर्षं चैनीची गेली. तेव्हा सगळे मेंढीकोट खेळायचे. त्यात दश्शी म्हणजे मेंढी. ज्याच्याकडे मेंढ्या जास्त, तो जिंकला. म्हणून जोडीदाराचा एक्का पडला की त्यावर दश्शी चढवायची, तीही टेबल हादरेल अशी आपटून. आणि चुकलं तर पुढच्याचं पान पडेपर्यंत आपलं उचलायचं. 'ऱ्हाऊ दे, दुसरं टाकतो,' एवढं म्हटलं की झालं. या उचलाउचलीनंच माझ्या कडा झिजल्या. माणसं विचार करतात, पण पान टाकून झाल्यावर.

मग एका साहेबांनी इथं ब्रिज आणला. बदली झाली तेव्हा ते नियमांचं पुस्तक कपाटात ठेवून गेले. ते एकट्या आबाजींनी वाचलं. आबाजी मशीनवर काम करणारे, टेंपररी, चार माणसांत तोंड उघडायला लाजणारे. सगळ्यांनी त्यांना पंच केलं आणि स्वतः पुस्तक वाचायची कटकट टाळली. नियम सगळ्यांना हवा असतो, पण दुसऱ्यानं वाचलेला.

गेल्या महिन्यात खात्याखात्यांची स्पर्धा झाली. शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. एका बाजूला हिंदुराव आणि सोपानराव, दुसऱ्या बाजूला चिमाजी आणि त्यांचा जोडीदार. हिंदुराव म्हणजे आबाजींचे फोरमन. कुणाला पर्मनंट करायचं त्याची यादी ते दुसऱ्या दिवशी वर पाठवणार होते. नाव लागलं की आबाजी बायकोला, विमलबाईंना, गावाहून आणणार होते. कासारवाडीत खोलीही बघून ठेवली होती. क्लबात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटच्या डावात हिंदुरावांनी नऊ हात करायची बोली लावली. ब्रिजमध्ये बोली जिंकणाऱ्याचा जोडीदार आपली पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसतो. सोपानरावांच्या त्या पानांतला बदामचा एक्का हिंदुरावांनी पुढे केला. चिमाजींचा गुलाम पडला. हिंदुरावांकडे बदामची तीन पानं होती: चौकी, सत्ती आणि मी. टाकायची चौकी. पुढं सोपानरावांच्याच पानांतल्या राजाखाली राणी पडली की तिसऱ्या फेरीला मीच मोठी, आणि नववा हात माझा. मी तयारीत होते.

पण हात मेंढीकोटाचा. जोडीदाराचा एक्का दिसला आणि हिंदुरावांनी मला खाडकन त्यावर आपटलं.

चूक लगेच कळली. ते मला ओढायला लागले आणि चिमाजींनी माझ्यावर तळवा दाबला. माझा कोपरा दुमडला तो तिथं.

"पान लागलं, हिंदुराव," चिमाजी म्हणाले.

"पुढच्याचं पडलंय का? मग?"

"मेंढीकोट हाय का हा? दश्शी बघितली की तुमास्नी मेंढीच दिसती."

सगळे हसले, आणि हिंदुराव जास्तच चिडले. इतकी वर्षं आम्ही उचलत आलो, तेव्हा कुणाचं काही गेलं नाही, असं बरंच ते बोलले. मग आबाजींकडे वळून म्हणाले, "तू सांग, पंच. उद्या सोमवार हाय, त्ये बी ध्यानात असू दे." हे ते हसत म्हणाले. मला ते हसणं आवडलं नाही.

आबाजींनी कपाटातलं पुस्तक काढलं. त्यात एक सवलत होती: बोलीवाल्याच्या हातातून पान चुकून गळलं, तर ते परत घेता येतं. त्यांनी फार हळू विचारलं, "साहेब, पान हातातून निसटलं का?"

एका 'हो'नं सगळं मिटलं असतं. सामना, यादी, कासारवाडीची खोली.

"निसटतंय कशानं?" हिंदुराव म्हणाले. "वीस वर्सं पत्ते खेळतोय. मी टाकलं."

आबाजींनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "टाकलं असेल, तर ते लागलं. उचलता येणार नाही."

हिंदुराव एका हातानं हरले. सोमवारी यादी गेली. आबाजींच्या नावापुढं शेरा पडला: 'आणखी तीन महिने पाहावे.' खोली दुसऱ्यानं घेतली.

आबाजींनी क्लबात येणं सोडलं. चिमाजी पंच झाले आणि दर डावाला भांडण होऊ लागलं. आज तर गोष्ट पानं फेकण्यावर आली. शेवटी हिंदुरावच ओरडले, "आबाजीला बोलवा. त्यो खोटं सांगत न्हाई."

आबाजी आले. भिंतीशी बसले. पानं वाटली गेली.

हिंदुराव, आत्ता मी तुमच्या हातात आहे, म्हणून विनवते. एवढं मोठं प्रशस्तिपत्र तुम्ही अख्ख्या क्लबासमोर तोंडानं दिलंत. तेच कागदावर लिहायला तीन महिने कशाला हवेत? विमलबाई अजून गावातच आहेत. डाव थांबला तरी चालेल, पण आधी पेन काढा.