भरदुपारचे दगड

गुळाचे व्यापारी आप्पासो यांच्या घरावर दगड पडायला लागून अकरा दिवस झाले होते. रोज दुपारी, जेवणं आटोपली की कौलांवर धाडकन आवाज व्हायचा. कोण टाकतंय ते दिसायचं नाही. दोन वर्षांमागच्या प्लेगात पेठेतल्या घराघरांतून माणूस गेलं होतं, ती भीती लोकांच्या अंगातून अजून उतरली नव्हती. भानामतीची कुजबूज कट्ट्याकट्ट्यावर पोचायला वेळ लागला नाही.

पेठेच्या चौकीवर दस्तगीर शिपाई होता. हौदावरची झोंबाझोंबी, परसातून पळवलेली घागर, दारू पिऊन शिव्या देणारा एखादा, असली कामं त्याच्या वाट्याची. पंधरा वर्षं तो हीच पेठ हिंडत होता. काठी उगारण्याआधी दोन शब्द बोलून बघायचे आणि जमलं तर चौकीच्या वहीत काही न लिहिताच प्रकरण मिटवायचं, ही त्याची रीत. पेठ त्याला मामा म्हणायची.

"मामा, भूत धराय निघालाईसा व्हय?" आप्पासोंच्या परसामागं राहणारा केरबा कुंभार म्हणाला.

"भुताला कशाला पायजेत दगडं? ह्ये माणसाचं काम हाय."

संशय सगळ्यांचा एकाच बाईवर होता. विहिरीमागच्या खोपटात धोंडुबाई एकटीच राहायची, गवऱ्या थापून विकायची. तोंडानं फटकळ. ओल्या गवऱ्या दिल्या म्हणून आप्पासोंच्या बायकोनं, पद्मावतीबाईंनी, तिला दारातून परत पाठवलं, तेव्हा ती भर रस्त्यात ओरडली होती, "धोंडं पडतील तुमच्या घरावर!"

दस्तगीर तिच्याकडं गेला. लोक लांबून बघत राहिले.

"रागात बोललो की," धोंडुबाई म्हणाली. "पर ह्यो हात बघ. खांद्याच्या वर जात न्हाय. कौलावर धोंडा कसा टाकू?"

ते खरं होतं. मंगळवारी दुपारी दस्तगीर केरबाच्या माळ्यावर जाऊन बसला. तिथून आप्पासोंचं परसू दिसायचं. जेवणं झाली. धाकटी सून अंजना खरकटी भांडी घेऊन बाहेर आली. एकोणीस वर्षांची पोर. नवरा प्लेगात गेलेला. तिनं इकडंतिकडं पाहिलं, राखेच्या ढिगातून एक दगड काढला, कौलांवर भिरकावला आणि खाली बसून तांब्या घासायला लागली.

आत एकच गलका झाला. पद्मावतीबाईंची हाक आली, "अंजना! आत ये गं, आधी आत ये!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती राख टाकायला मागच्या दारी आली तेव्हा दस्तगीर उभा होता.

"पोरी, काल मी बघिटलं."

तिच्या हातातलं घमेलं खाली पडलं.

"का गं असं?"

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली. मग म्हणाली, "दगड पडला की समदी माजघरात येऊन बसत्यात. मलाबी बोलावत्यात. आत्ती माझा हात धरून बसत्यात, सोडतच न्हाईत."

"आन् एरवी?"

"एरवी मी मागच्या खोलीत. काम असलं की हाक येती."

सासूनं हात धरावा म्हणून पोर घरावर दगड मारत होती. दस्तगीरनं पडलेलं घमेलं उचलून तिच्या हातात दिलं.

"आता एकबी टाकायचा न्हाय."

"न्हाय टाकत. पर घरात सांगू नगासा, मामा. मला हाकलून देतील."

"न्हाय सांगत," दस्तगीरनं शब्द दिला. दगड थांबले की चार दिवसांत पेठ विसरेल, असा त्याचा हिशेब. आजवर तो चुकला नव्हता. वहीत त्यानं एक ओळ लिहिली नाही.

दगड थांबले. पण पेठेनं त्याचा अर्थ भलताच लावला. मामा धोंडुबाईला दम देऊन आले आणि लगेच दगड बंद झाले, म्हणजे करणारी तीच! शुक्रवारी सकाळी गल्लीतलं एक तान्हं मूल तापानं फणफणलं, आणि वीसपंचवीस माणसं विहिरीमागं चालून गेली.

दस्तगीर तेव्हा जमादारांपुढं हजेरीला उभा होता. केरबा धावत आला, "मामा, चला! म्हातारीला मारत्यात!"

तो पोचला तोवर माणसं पांगली होती. खोपट आडवं झालं होतं. गवऱ्यांच्या चुऱ्यात धोंडुबाई विहिरीच्या कठड्याला टेकून बसली होती. कपाळावर दगड लागून रक्त गळत होतं. दस्तगीरनं आपला पटका सोडून जखमेवर दाबला.

"दस्तगीर," ती हळूच म्हणाली, "मी न्हवं, ह्ये तुला ठावं व्हतं का रं?"

त्याला खोटं बोलता आलं नाही. "व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

त्यानं तिला उचलून दवाखान्यात नेलं. रविवारी पहाटे तिथंच तिनं प्राण सोडला.

दस्तगीर तिथून थेट आप्पासोंच्या घरी आला. सोप्यात उभं राहून त्यानं सगळं सांगितलं: माळ्यावरून काय पाहिलं, अंजना काय म्हणाली, आपण कसा शब्द दिला. आप्पासो रागानं उठले, पण पद्मावतीबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. अंजना आतून येऊन दाराला धरून उभी राहिली होती. "मी मारलं तिला," एवढंच म्हणत होती. पद्मावतीबाई तिच्याजवळ गेल्या आणि खाली जमिनीवर बसून ढसाढसा रडायला लागल्या.

अंजना स्वतःच्या पायानं चौकीवर चालत गेली, सासू तिच्याबरोबर. जमादारांनी दोघींचा जबाब घेतला.

"तुझंबी नाव लिवावं लागंल, दस्तगीर," ते म्हणाले.

"पयलं माझंच लिवा."

गर्दीतली सात माणसं धरून आणली. प्रत्येकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं. तो एक दगड कुणाच्या हातचा, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. धोंडुबाईचं जवळचं कुणी नव्हतं. केरबा आणि त्याचे दोन भाऊ खांदा द्यायला आले. चौथा खांदा दस्तगीरनं दिला. आप्पासो पंचगंगेच्या घाटापर्यंत अनवाणी मागून चालत गेले.

महिन्यानं दस्तगीरची बदली गावाबाहेरच्या नाक्यावर झाली. जाण्याआधी नव्या शिपायाला पेठ दाखवायची होती. कुणाचं कुणाशी वाकडं, कुठलं परसू उघडं असतं, सगळं त्यानं नीट सांगितलं. विहिरीमागं आल्यावर नव्या शिपायानं पडलेल्या कुडांकडं बोट केलं.

"हितं कोण ऱ्हातंय?"

"धोंडुबाई म्हणून एक बाई व्हती," दस्तगीर म्हणाला. "तिनं कुणाचं काय केलं न्हवतं."

नवा शिपाई पुढच्या गल्लीकडं वळला. दस्तगीर मात्र तिथंच उभा राहिला, आणि हाक आली तरी त्याला लवकर हलता आलं नाही.