राजेश्वरीबाईंची ओळ

मित्रांनो, मला हात लावता येत नाही, तरी मी सास्तूरच्या चौकात राहतो. उमाशंकर यांच्या झेरॉक्सच्या दुकानात एक संगणक आहे, त्यात. मी रक्तदात्यांचा एक जुना डेटाबेस आहे. आजचा दिवस असा गेला की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही!

मला उमाशंकर यांच्या पत्नी राजेश्वरीबाईंनी भरलं. माझ्यात दोन तक्ते आहेत. पहिल्यात रक्त देणारे, त्यांचा रक्तगट आणि गल्ली. दुसऱ्यात निरोप घेणारे आणि त्यांचे फोन. गावातल्या पुष्कळ बायका आपला नंबर यादीत देत नाहीत. "राजेश्वरीबाईला सांगा, ती येऊन सांगंल," म्हणायच्या. म्हणून त्यांच्यापुढे निरोपासाठी बाईंचं नाव लागलं. कुणी रक्तगट विचारला की मी दोन्ही तक्ते जोडून नाव आणि नंबर शेजारी शेजारी दाखवायचो. दवाखान्यातून कौतुकाचे फोन यायचे.

मागच्या वर्षी बाई वारल्या. पडद्यावर त्यांचं नाव आलं की उमाशंकर यांना पुढचं काम सुधरत नसे. एके दिवशी त्यांनी दुसऱ्या तक्त्यातली बाईंची ओळ पुसली. माझ्या जुन्या आवृत्तीत असं पुसणं अडवायची सोय नव्हती. पण ज्यांचा निरोप बाईंकडे जायचा त्या बायकांना जोडीच उरली नाही, आणि ज्याची जोडी दोन्हीकडे सापडते तेवढंच मी दाखवतो. त्या माझ्यात होत्या, फक्त दिसत नव्हत्या.

आज तौसिफ मला नव्या आवृत्तीत न्यायला आला. तो उमरग्याला संगणक दुरुस्त करतो. आधी त्याने माझी नक्कल काढून ठेवली.

"काका, हा माझ्या पहिल्या मोटारसायकलीपेक्षा जुना हाय. ती कवाच भंगारात गेली!"

नवी आवृत्ती कडक निघाली. मध्येच थांबली आणि विचारू लागली, या ओळींचा निरोप घेणारा कुठे आहे?

"काका, टाकून देऊ का ह्या ओळी? मग झटक्यात होतंय."

उमाशंकर उत्तर देणार, तेवढ्यात गावातल्या माणिकप्पांचा फोन आला. त्यांची लेक शिवरंजनी उमरग्याच्या दवाखान्यात बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह हवं होतं. रक्तपेढीत ते शिल्लक नव्हतं.

तौसिफने लगेच मला विचारलं. माझं उत्तर आलं, एकही नाही.

"असं कसं?" उमाशंकर ओरडले. "गावात एक हाय! तो गट सापडला म्हणून राजेश्वरीनं पेढं आणलं होतं."

तौसिफ थबकला. "थांबा काका. जोडी नसली तरी दाखव, असं विचारून बघतो."

मित्रांनो, प्रश्न बदलला की काय होतं पाहा! नाव फलक. रक्तगट ओ निगेटिव्ह. मशिदीमागची गल्ली. निरोपाचा रकाना मात्र रिकामा.

उमाशंकर त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. "ही तिची जागा," एवढंच म्हणाले आणि मोटारसायकलीची किल्ली उचलून पळाले.

पुढचं त्यांनी दुकानात येऊन सांगितलं तेव्हा मी ऐकलं. फलकच्या घराच्या दारात तिची सासू अजीजाबी उभी होती.

"आता आठवण आली व्हय? बाई गेली तवापासून एक निरोप न्हाय. आमाला वाटलं, तिच्यासंगं कामबी संपलं."

"चुकलं भाभी. माणिकप्पाची लेक..."

"मग बोलत काय उभं राहिलाव? फलक, चप्पल घाल!"

माणिकप्पांची जीप दोघींना घेऊन सुटली. दुपारी फोन आला. रक्त मिळालं, शिवरंजनी शुद्धीवर आली आणि पहिल्यांदा तिने चहा मागितला. तौसिफने टेबलावर असा हात मारला की माझा पडदा हलला!

संध्याकाळी अजीजाबी दुकानात आली. "हितनं पुढं निरोप माज्याकडं द्या. समद्या बायकांला म्या गाठते."

तौसिफ सगळीकडे तिचं नाव घालू लागला. उमाशंकर यांनी त्याला थांबवलं. त्यांनी राजेश्वरीबाईंची ओळ स्वतः पुन्हा टाइप केली. पुढे लिहिलं, हयात नाही. त्याच्यापुढे लिहिलं, निरोप अजीजाबीकडे. नवी आवृत्ती पुढे सरकली, एकही तक्रार न करता.

मित्रांनो, मला बदलण्याआधी नक्कल काढा. उत्तर रिकामं आलं तर प्रश्न बदलून पाहा. आणि माणूस गेलं तर तसं लिहा, पण त्याची ओळ पुसू नका. आता कुणी ओ निगेटिव्ह विचारलं की मी फलकपासून निघतो, आधी राजेश्वरीबाईंकडे जातो आणि मग अजीजाबीकडे.