मनगट कोणी धरलं होतं?

"मूठ वळली! महाराजांनी मूठ वळवली!"

आंबिवली स्टेशनामागच्या पटांगणात शे-दोनशे माणसं एकदम ओरडली. मांडवात महिपत बसला होता. वर्षापूर्वी कारखान्यातल्या यंत्रात त्याचा उजवा हात सापडला, मज्जातंतू तुटले आणि मनगटापासून पंजा चिंधीसारखा लोंबू लागला. तोच हात भस्मे महाराजांनी मनगटाला धरून उचलला, तळव्यावर लिंबू ठेवलं आणि काय सांगावं, मेलेली बोटं हळूहळू मिटली.

"डाक्टर म्हणतो नस तुटली," महाराज गरजले. "अरे, नस म्हणजे काय लेंग्याची नाडी आहे तुटायला? सांग बाळा, बरा झालास?"

"बरा झालो, महाराज!"

"मनात शंका आणलीस तर पकड गेली म्हणून समज!"

घ्या! गुण आला तर महाराजांचा, नाही आला तर दोष रोग्याच्या शंकेचा. असा बिनतोड करार हरिहरपंतांनी जन्मात वाचला नव्हता, आणि ते तर कारखान्याच्या विमा कंपनीचे वकील होते.

शेजारी कंपनीचे अधिकारी प्रभाकर खुशीत होते. "पंत, केस खिशात! मंगळवारी ठाण्याला भरपाईच्या सुनावणीत त्याला एकच प्रश्न विचारा, हात बरा झाला का? पकड जाईल या धाकानं तो नाही म्हणायचा नाही. मग भरपाई कसली मागतो?"

बुवाबाजीवर हरिहरपंत कल्याणच्या वाचनालयात तावातावानं व्याख्यानं देत. आता त्याच बुवाच्या जिवावर एका लुळ्या कामगाराच्या तोंडचा घास काढायचा! नाही म्हणावं, तर त्यांच्या घरची चूल कंपनीच्या कामांवर पेटत होती. बरं, ढोंग म्हणावं, तर बोटं मिटताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. चारी बाजूंनी कोंडी झाली होती.

"कसं केलं म्हणता त्यानं? दाखवा बघू," घरी त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि हात सैल सोडून बसल्या. पंतांनी महाराजांसारखं त्यांचं मनगट धरलं, मागे वाकवलं.

"अहो, मी नाही हं मिटली बोटं!"

पंतांनी मनगट खाली सोडलं. बोटं उघडली. पुन्हा वाकवलं, पुन्हा मिटली. बोटं ओढणारे स्नायूंचे दोर मनगटावरून जातात. मनगट मागे गेलं की ते ताणले जातात आणि बोटं आत ओढतात. मज्जातंतू तुटले तरी दोर शाबूत असतात. आणि महाराजांनी महिपतचं मनगट एकदाही सोडलं नव्हतं!

मंगळवारी कामगार भरपाईच्या कमिशनरांपुढे पंतांनी ठरलेला प्रश्न विचारला. "हात बरा आहे?"

महिपतनं बायकोकडे, कलावतीकडे पाहिलं. "बरा हाय," तो पुटपुटला.

प्रभाकर खाकरले. आता खाली बसायचं होतं. पंतांचे गुडघे वाकलेसुद्धा. पण बसवेना. त्यांनी खिशातून लिंबू काढलं.

"हे मुठीत धरून दाखवा. तुमचं मनगट कोणी धरणार नाही."

महिपतच्या कपाळावर शिरा फुगल्या. लिंबू तळव्यावरून घरंगळलं, टेबलाखाली गेलं. कमिशनरांनी डॉक्टरांचा दाखला पुन्हा वाचला आणि भरपाई मंजूर केली. प्रभाकरांनी कंपनीची सगळी कागदपत्रं पंतांच्या पुढून उचलली.

पंतांना वाटलं, निदान महिपत तरी हात जोडेल. तो बाहेर अंगावरच आला. "तुमी शंका घेतलीत! पकड होती माज्या हातात, तुमी घालवलीत!"

पंतांना रागही आला आणि भडभडूनही आलं. ते कलावतीकडे वळले. "बाई, उजवा हात सैल सोडा. डाव्या हातानं मनगट मागे वाकवा."

तिनं वाकवलं. सोडलं. पुन्हा वाकवलं. "अवो," ती हळूच म्हणाली, "ही मूठ माज्याबी हातात हाय. म्या तर म्हाराजांच्या पायाबी पडली न्हाई."

महिपतनं डाव्या हातानं तिचं मनगट स्वतः धरून मागे वाकवलं. बोटं मिटली. तो मटकन पायरीवर बसला.

"म्हंजे हात गेला त्यो गेलाच?"

"गेलाच," पंत म्हणाले. "पण हक्काची भरपाई वाचली."

महिपत रडला. वर्षभरात पहिल्यांदाच तो हातासाठी रडत होता. कलावती शेजारी बसून राहिली.

वाचकहो, विश्वास माझ्यावरही ठेवू नका. आत्ता स्वतःचा हात सैल सोडा, मनगट मागे वाकवा आणि बोटं बघा. पुढं कधी कुणाची मूठ वळली म्हणून गर्दी जयजयकार करू लागली, तर तुम्ही एवढंच विचारा: मनगट कोणी धरलंय?