चुलीवरचा कॅमेरा

भरतनं कॅमेरा जसा ठेवला होता, तसं टोकावड्यात आजवर कुणी काही ठेवलं नसेल. आषाढ लागला, लग्नं थांबली, आता तुळशीचं लग्न होईस्तोवर लग्नाच्या फोटोंचं काम नाही म्हटल्यावर पठ्ठ्या मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं शिकला. लेन्स बॉडीपासून सोडवली, दोघांच्या तोंडांना झाकणं बसवली, बॅटरी काढून वेगळी ठेवली. मग घट्ट झाकणाचा डबा, आणि त्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पांढऱ्या पुड्या. घरात नवी सून आली तरी कुणी इतके लाड करत नाही.

सोबत न्यायची सोय नव्हती. पावसाळाभर तो भिवंडीच्या एका गोदामात माल चढवायचा. तिथं खोलीत पोरं दाटीवाटीनं झोपायची, वर पत्रा गळायचा, आणि उशाखालची वस्तू सकाळी उशाखाली असेलच याची खात्री नव्हती. म्हणून डबा त्यानं आईच्या हातात दिला.

"आये, याला ओल लागू देऊ नको. ओल लागली का लेन्सला बुरशी चढते नि मंग संपला. माझा सगळा याच्यावर हाय."

"जा तू बिनघोर," जानी म्हणाली. "पावसात जिन्नस राखायला आता तू मला शिकवणार काय?"

तिनं म्हणावं आणि ऐकणाऱ्यानं गप्प बसावं, अशीच तिची कीर्ती होती. धो धो पावसात सगळ्या पाड्यात जानीच्या घरचा बोंबील कडक असायचा, मिठाला पाणी सुटायचं नाही, काड्यापेटीतली काडी पहिल्या ओढीत पेटायची. शेजारपाजारच्या बाया मागायला यायच्या नि वर विचारायच्या, मावशे, तू करतेस तरी काय गो? करायचं काय त्यात. चुलीवर माळा होता, माळ्यावर सगळं ठेवायचं, खाली दिवसभर जाळ.

दिवाळी झाली आणि भरत उड्या मारत गावी आला. कारणच तसं होतं. मुरबाडला नितीनचा स्टुडिओ होता, तालुक्यातली निम्मी लग्नं त्याच्याकडं. त्याचा जोडीदार मुंबईला गेला होता, आणि त्यानं भरतला सांगितलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलंच लग्न माझ्याबरोबर कर, काम दिसलं तर कायमचा माझ्याकडं राहा. फक्त कॅमेरा तुझा पाहिजे. गोदामाच्या मुकादमानंही त्याला अडवून विचारलं होतं, परत येणार का नाही ते सांग, नाहीतर तुझ्या जागी दुसरा घेतो. भरतनं हसून सांगितलं होतं, घ्या दुसरा.

लग्न उद्यावर आलं होतं. "आये, डबा दे," तो म्हणाला.

जानीनं डबा दिला नाही. पाटावर चढून तिनं माळ्यावरून जुन्या लुगड्याचं गाठोडं काढलं आणि कौतुकानं त्याच्या मांडीवर ठेवलं. "हात लावून बघ. हाय का कुठं ओल?"

ओल नव्हती. गाठोडं सुटलं तसा धुराचा नि सुकटीचा वास आला. बॉडीवरचं रबर चिकट होऊन लोंबत होतं. तोंडाला झाकण नव्हतं. आत जिथं आरसा चमकायचा तिथं काळी साय धरली होती, बोट फिरवलं की बोटाला काजळी लागत होती. लेन्स उजेडाकडं धरली तर पिवळट धुकं, पलीकडचं दारही दिसेना.

"डब्यातून कशाला काढलास?" भरतचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

"बंद डब्यात पावसाचा काय टिकतो रे? सुकट घालून बघ, आठ दिसात बुरशी. तूच म्हणलास ना बुरशीचा? म्हणून झाकणा काढली, आतला घाम जायला नको? नि त्या उंदराच्या औषधाच्या पुड्या पयल्या फेकल्या."

"तुला कुणी सांगितली होती अक्कल चालवायला?"

तो असं तिला जन्मात बोलला नव्हता.  जानी खाली बसली आणि लुगड्याची घडी घालत राहिली.

तिला बोलून तरी काय उपयोग? ओलीपासून राख म्हणाला होता, तिनं राखला होता, तिच्या मते जिवापाड राखला होता. डबा उघडू नको, एवढे तीन शब्द यानंच सांगितले नव्हते. दुसऱ्याची चूक असती तर शिव्या देऊन मोकळा झाला असता. आईवर चिडायचं आणि आतून स्वतःलाच खायचं, यापरता वाईट प्रकार नाही.

त्याच दुपारी तो कल्याण गाठून दुरुस्तीवाल्याकडं गेला. त्या माणसानं दिव्याखाली धरून बघितला, नाकाशी नेला आणि विचारलं, "हॉटेलच्या भटारखान्यात होता का?" मग मान हलवून परत दिला. भाड्यानं बघावा तर उद्याच्या मुहूर्ताला सगळ्या जिल्ह्याची लग्नं, मोकळा कॅमेरा कुठं मिळणार? नितीनला फोन केला. तो रागावलाही नाही. "ठीक आहे रे, दीपेशकडं कॅमेरा आहे, त्याला सांगतो मी," एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. मग भरतनं मुकादमाला फोन लावला आणि साहेब, साहेब करत आपली जागा परत मागून घेतली.

घरी आला तेव्हा जानी अंगणात डबा घासून पुसून बसली होती. शेजारी सुपात पांढऱ्या पुड्या. उकिरडा उकरून तिनं सापडल्या तेवढ्या काढल्या होत्या आणि स्वच्छ पाण्यानं धुऊन उन्हात घातल्या होत्या. फुगून फुटायला आल्या होत्या सगळ्या. 

"नीट झाला रे?"

"झाला."

"मंग आता तू सांगशील तसा ठेवते. पयली झाकणा लावू ना?"

"राहू दे आये. वरच ठेव माळ्यावर. उघडाच."

जानी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. ज्याला हात लावायच्या आधी पोरगं हात धुवायचं, त्याला ते राहू दे म्हणत होतं. 

सकाळी कल्याणच्या एसटीला निघताना भरतनं घरात डोकावून बघितलं. माळ्यावर काही नव्हतं. चूल थंड होती. कॅमेरा डब्यात होता, दोन्ही झाकणं लावून, आणि जानी मांडीवर डबा घेऊन झाकणाच्या कडेनं बोट फिरवत होती, कुठून हवा शिरतेय का बघत.